नदीच्या वाळवंटातून आलेले शब्द

"उगीच नाटकं करू नकोस!" हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येत नाही, असे घर महाराष्ट्रात शोधून सापडायचे नाही. पोटात दुखते म्हणून शाळा चुकवू पाहणाऱ्या पोराला आई हेच म्हणते, आणि उसने पैसे मागायला आलेल्या पाहुण्याच्या माघारी घरधनीही हेच म्हणतो. त्या वेळी कुणाच्या मनात ना किर्लोस्कर असतात, ना देवल. शब्द रंगभूमीवरून उतरला आणि चुलीपाशी येऊन बसला, इतकेच.

वाचकहो, आपल्यापासून हजारो कोस दूर असलेल्या जपानातही अगदी हेच झाले आहे. खोटे रडणाऱ्याला, आजारपणाचे सोंग घेणाऱ्याला तिथला माणूस म्हणतो, ही सगळी 'शिबाइ' आहे. शिबाइ म्हणजे नाटक. पण या शब्दाची फोड करून पाहा. 'शिबा' म्हणजे हिरवळ, आणि 'इ' म्हणजे बसणे. फार पूर्वी देवळांच्या आवारात नाचगाणी आणि सोंगे होत, तेव्हा मोठ्या लोकांसाठी लाकडी माच बांधीत आणि सामान्य प्रजा गवतावर बसे. त्या गवतावरच्या बैठकीचे नाव शिबाइ. पुढे बैठकीवरून नाटकघराला ते नाव पडले, नाटकघरावरून नाटकाला, आणि नाटकावरून ढोंगाला. आपली 'रंगभूमी' नटाच्या जागेवरून ओळखली जाते. जपानी नाटकाने आपले नाव घेतले ते प्रेक्षकाच्या जागेवरून, तेही फुकट्या जागेवरून.

आज आपल्याकडे, विशेषतः पुण्यात, जपानी शिकणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांच्या वहीत नाटक-सिनेमाच्या शब्दांची एक यादी असतेच. अमुक म्हणजे चित्रपट, तमुक म्हणजे नट, अमुक म्हणजे पडदा. यादी पाठ करायला हरकत नाही. परंतु या यादीतले निम्मेअधिक शब्द ज्या माणसांनी घडविले, त्यांना त्यांच्या काळच्या समाजाने माणसांत धरले नव्हते. ही गोष्ट यादीत नसते. आज आपण ती पाहू.

सन 1603 च्या सुमारास क्योतो शहरातून वाहणाऱ्या कामो नदीच्या वाळवंटात ओकुनी नावाच्या एका बाईने नाचाचा फड उभा केला. वाळवंट म्हटले की आपल्याला पंढरपूरची चंद्रभागा आठवते. तिथे कीर्तने होतात, दिंड्या नाचतात. कामोच्या वाळवंटात खेळवाले, जादूगार, अस्वलवाले असा सगळा मेळा भरे. ओकुनी स्वतःला इझुमोच्या देवळाची सेविका म्हणवीत असे. ती पुरुषी वेष करी, कमरेला तलवार लावी आणि शहरातल्या छाकट्या तरुणांची नक्कल करी. लोक लोटले. वाकडे चालणे, रीत सोडून वागणे याला जपानीत 'काबुकु' असे क्रियापद होते. त्यावरून या खेळाला नाव पडले काबुकी. म्हणजे आज जो शब्द जपानी संस्कृतीचा मानबिंदू म्हणून मिरवतो, तो जन्मला तेव्हा जवळजवळ शिवीच होता. पुढे लोकांनी तो लिहिण्यासाठी गाणे, नृत्य आणि कौशल्य या अर्थांची तीन चांगली अक्षरे जुळवून घेतली. वाह्यात पोराचे बारसे पुन्हा एकदा थाटाने करावे, तसा हा प्रकार.

ओकुनीची नक्कल करणारे बायकांचे फड जागोजाग निघाले. त्यांत नाच होता, तसा देहविक्रयही होता, आणि प्रेक्षकांत तलवारी बाळगणारे सामुराई असल्यामुळे मारामाऱ्याही होत. सन 1629 मध्ये शोगुनच्या सरकारने फर्मान काढले की, बायकांनी रंगमंचावर येऊ नये. मग तरुण मुले बायकांची कामे करू लागली. तिथेही तोच गोंधळ झाला, म्हणून 1652 मध्ये त्यांच्यावरही बंदी आली. शेवटी कपाळावरचे केस भादरलेल्या प्रौढ पुरुषांनी खेळ करावेत, अशी परवानगी मिळाली. स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुषाला शब्द आहे 'ओन्नागाता'. आपल्या संगीत नाटकाच्या भाषेत सांगायचे तर स्त्रीपार्टी. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही, आणि कोकणातल्या दशावताराला तर नाहीच नाही.

इथे थोडे थांबा. ज्या कलेचा पाया एका बाईने घातला, त्या कलेतून बायकांना अडीचशे वर्षांहून अधिक काळ हाकलून दिले गेले. त्यांना पुरुषांबरोबर रंगमंचावर उभे राहण्याची कायदेशीर मोकळीक मिळाली ती मेइजी काळात, 1890 च्या सुमारास. नटी या अर्थाचा 'जोयू' हा शब्द रुळला तोही त्यानंतरच. 'जो' म्हणजे स्त्री आणि 'यू' म्हणजे कलावंत. कावाकामी सादायाक्को ही बाई नवऱ्याच्या नाटकमंडळीबरोबर 1899 मध्ये अमेरिकेला आणि तिथून युरोपला गेली, तिथे नावाजली गेली, आणि 1908 मध्ये तिने नटींना शिक्षण देणारी संस्था काढली. 1911 मध्ये मात्सुइ सुमाको हिने इब्सेनच्या नाटकातली नोरा उभी केली. तेव्हा कुठे 'जोयू' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. आपल्याकडे 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके यांना करावे लागले. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या. दोन्ही देशांचे घड्याळ इथे जवळजवळ एकाच ठोक्याला चालले होते.

आता त्या फर्मानांच्या काळात नटांची काय पत होती ते पाहू. त्यांना म्हणत 'कावारामोनो', म्हणजे नदीच्या वाळवंटातली माणसे. कुणी त्याहून पुढे जाऊन वाळवंटातले भिकारी म्हणत. शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी जी समाजाची उतरंड होती, तिच्या बाहेर त्यांना ठेवलेले. जपानीत माणसे मोजण्याचे आकडे वेगळे आणि जनावरे मोजण्याचे वेगळे असतात. नटांची मोजणी जनावरांच्या आकड्यांनी होत असे, असे सांगतात. आणि गंमत पाहा, त्याच नटाचे रंगीत चित्र विकत घेण्यासाठी एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, उड्या पडत. त्याने नेसलेल्या कापडाचा रंग दुसऱ्या दिवशी बाजारात चाले. आपल्याकडे तमाशातल्या कलावंतांची ढोलकी सगळ्यांना हवी असे, पण त्यांच्या पंक्तीला बसायला कोण तयार होते? तेव्हा जपानला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.

सन 1841-42 मध्ये सरकारने काटकसरीच्या सुधारणा काढल्या. एदोतली नाटकगृहे शहराच्या मध्यातून उचलून आसाकुसाच्या बाजूला नेली. नटाने रस्त्यात चालताना विणलेल्या टोपीने तोंड झाकावे, असा हुकूम सुटला. इचिकावा दान्जूरो हे घराणे त्या काळी एदोतले सर्वांत मोठे. त्यातल्या सातव्या दान्जूरोला फार थाटामाटात राहतो आणि रंगमंचावर खऱ्याखुऱ्या मौल्यवान वस्तू वापरतो, या आरोपावरून 1842 मध्ये शहराबाहेर हाकलले. काही वर्षांनी त्याला परत येऊ दिले, ही गोष्ट निराळी.

याच सातव्या दान्जूरोने त्यापूर्वी, 1832 च्या सुमारास, आपल्या घराण्याच्या खास नाटकांची एक यादी जाहीर केली होती. त्या यादीत अठरा नाटके. अठरा प्रयोग म्हणजे 'जूहाचिबान'. आज जपानातला कारकून संध्याकाळी मित्रांबरोबर गायला बसला आणि त्याने आपले ठेवणीतले गाणे काढले, की सगळे म्हणतात, हे याचे जूहाचिबान! कुणाच्या हातची कढी चांगली होत असेल तर ते तिचे जूहाचिबान. याच अर्थाचा दुसरा शब्द 'ओहाको', म्हणजे पेटी. ठेवणीतली वस्तू पेटीत जपून ठेवतात, म्हणून तो शब्द पडला असे म्हणतात. ज्याला राजधानीबाहेर काढले त्याची यादी राज्याच्या बोलण्यात राहिली, आणि काढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आज इतिहासाच्या परीक्षेपुरते उरले.

असे शब्द एक-दोन नाहीत. ओसाका आणि क्योतोच्या नाटकगृहांबाहेर नटांच्या नावाच्या पाट्या ओळीने लावीत. पहिली पाटी मुख्य नटाची. दुसरी देखण्या, प्रेमात पडणाऱ्या तरुणाची. तिसरी विनोदी पात्राची. जपानीत सपाट वस्तू 'माइ' या मापाने मोजतात. म्हणून दुसरी पाटी ती 'निमाइमे' आणि तिसरी पाटी ती 'सान्माइमे'. आज ज्या तरुणाने जन्मात नाटकात काम केलेले नाही, त्यालाही तो रूपाने चांगला असेल तर निमाइमे म्हणतात, आणि चारचौघांना हसवणारा गडी सान्माइमे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वरपक्षाला जपानीत सांगायचे झाले, तर मुलगा 'दुसऱ्या पाटीचा' आहे, असे सांगावे लागेल!

आणि वाईट नटाला काय म्हणतात? मुळा. 'दाइकोन याकुशा', म्हणजे मुळा-नट. याचे एक कारण मोठे मासलेवाईक देतात. नाटक यशस्वी होणे याला जपानीत 'आतारु' म्हणतात, म्हणजे लागणे, नेम बसणे. पण अन्न बाधणे यालाही आतारुच म्हणतात. मुळा कसाही खा, कच्चा खा, शिजवून खा, तो काही बाधत नाही. तसा हा नट कोणत्याही भूमिकेत घाला, तो काही 'लागत' नाही. शेतकरी मंडळींना मुळ्याची ही बदनामी रुचणार नाही, पण श्लेष चांगला साधला आहे यात शंका नाही.

काबुकीच्या रंगमंचाचे दोन भाग तर या भाषेत कायमचे घर करून बसले आहेत. पहिला 'हानामिची', म्हणजे फुलांची वाट. प्रेक्षकांच्या मधून, त्यांच्या डोक्यांच्या उंचीने, एक लांब लाकडी वाट रंगमंचापर्यंत जाते. मुख्य पात्र तिच्यावरून येते, मध्येच थबकते, डोळे वटारून एक ठाण मांडते आणि मग पुढे सरकते. त्या ठाणाला 'मिए' म्हणतात. नेमक्या त्याच क्षणी मागच्या स्वस्त जागांवरून जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याचे नाव ओरडतो. दान्जूरोच्या घराण्याला "नारितायाऽ" अशी आरोळी. ती एक क्षण आधी पडली तरी रंगाचा बेरंग, एक क्षण नंतर पडली तरी तेच. या मागच्या जागांना 'ओमुको' म्हणतात, म्हणजे पार पलीकडे. खरा जाणकार तिथे बसतो असा समज असल्यामुळे, सगळ्यांची वाहवा मिळविणे याला ओमुकोला खूष करणे, असे म्हणतात. आणि हानामिची या शब्दाचा आजचा अर्थ विचाराल, तर कारकीर्दीच्या शेवटी मानाने पडलेले पाऊल. मोठा मल्ल किंवा मुख्याध्यापक निवृत्त होतो तेव्हा त्याची फुलांची वाट सजली, असे बोलतात.

दुसरा भाग रंगमंचाच्या खाली आहे, आणि तो आपल्याला जवळचा वाटेल. ओसाकाच्या नामिकी शोझो या नाटककाराने 1758 मध्ये फिरता रंगमंच उभा केला. वरती राजवाडा फिरून क्षणात जंगल होई आणि प्रेक्षक तोंडात बोट घालीत. पण तो फिरवी कोण? तळघरातल्या काळोखात खांद्याने दांडे रेटणारी माणसे. त्या काळोख्या, कोंदट तळघराचे नाव 'नाराकु'. हा आपलाच 'नरक', मंडळी. संस्कृतातून बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनमध्ये गेला, चिनी अक्षरांत त्याचा उच्चार बसविला गेला, तिथून जपानात आला, आणि देवळातल्या प्रवचनातून निघून नाटकाच्या तळघरात जाऊन राहिला. वर फुलांची वाट आणि खाली नरक. रंगमंचाची ही रचना ज्यांनी बोलता बोलता नावांत पकडली, ते लोक शिकलेले नसतील, पण अडाणी खचितच नव्हते.

आपल्याकडून गेलेला आणखी एक शब्द 'दान्ना'. मूळ 'दान'. दान देणारा तो दान्ना, म्हणून आश्रयदाता, म्हणून दुकानाचा मालक, आणि आता बाई आपल्या नवऱ्यालाही दान्ना म्हणते. शिक्षकबंधुभगिनींना मात्र एक सावधगिरीची सूचना. शब्द कानाला सारखा लागला म्हणजे तो नात्यातला असतोच असे नाही. जपानी नाटकांत सामान्य माणसांच्या संसारावरच्या नाटकांना 'सेवामोनो' म्हणतात. सामुराई आणि सरदारांची ती 'जिदाइमोनो', दुकानदार आणि कारकुनांची ती सेवामोनो. चिकामात्सु मोन्झाएमोन याने 1703 मध्ये एका दुकानातल्या नोकराच्या खऱ्याखुऱ्या प्रेमकहाणीवर बाहुल्यांचे नाटक लिहिले, तेव्हापासून या प्रकाराला बहर आला. पण त्यातल्या 'सेवा' शब्दाची अक्षरे आहेत जग आणि बोलणे. आपल्या सेवेशी त्याचा संबंध जोडू नये. मुले असे संबंध उत्साहाने जोडतात. त्यांचा उत्साह मोडू नये, पण अक्षरे तपासायला लावावे.

रंगमंचावर डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेला एक माणूस वावरत असतो. नटाची वस्त्रे सावरतो, हातात तलवार देतो, आसन सरकवतो. तो 'कुरोको'. तो सगळ्यांना दिसतो, आणि तरीही तो नाही असे सगळ्यांनी धरायचे, हा करार. कधी तो लांब बारीक काठीच्या टोकाला कागदी फुलपाखरू लावून ते नटाभोवती उडवतो. त्या काठीचे नाव 'साशिगाने'. आजच्या राजकारणाच्या बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास येतात. पडद्याआडून सूत्रे हलविणारा तो कुरोको, आणि एखाद्याने अचानक काही भलतेच मागणे केले तर लोक विचारतात, हे कुणाचे साशिगाने? आपल्या भाषेत, याचा बोलविता धनी कोण?

अखेर नटांची पत वाढली. एप्रिल 1887 मध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए कावोरु यांच्या घरी खुद्द सम्राट मेइजी यांच्यापुढे काबुकीचा प्रयोग झाला आणि नवव्या दान्जूरोने त्यात काम केले. तो सातव्याचा मुलगा. बाप हद्दपार झाला होता, आणि मुलाने सम्राटापुढे मुजरा केला. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली.

पण वाळवंटातल्या माणसांची गोष्ट इथे संपत नाही. नवे वाळवंट तयार होत होते, ते पडद्याच्या शेजारी.

एकेका माणसाने पेटीत डोकावून पाहायची हलती चित्रे 1896 मध्ये कोबे बंदरात दाखविली गेली, आणि 1897 च्या फेब्रुवारीत ओसाका इथे ल्युमिएर बंधूंच्या यंत्राने पडद्यावर खेळ झाला. मुंबईत वॉटसन हॉटेलात तो 7 जुलै 1896 रोजी झाला होता, म्हणजे या एका बाबतीत आपण थोडे पुढे होतो. जपान्यांनी या चमत्काराला नाव दिले 'कात्सुदो शाशिन', हालचाल करणारी छायाचित्रे. 1912 मध्ये निघालेल्या निक्कात्सु या कंपनीच्या नावात त्यातला 'कात्सु' अजून जिवंत आहे. पुढे, पडद्यावर निव्वळ नाटक दाखवू नये, सिनेमाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे म्हणणारे तरुण निघाले. त्यांना जुना शब्द जत्रेतला वाटू लागला. त्यांनी 'एइगा' हा शब्द उचलून धरला. 'एइ' म्हणजे प्रतिबिंब पडणे, 'गा' म्हणजे चित्र. आज चित्रपटाला हाच शब्द आहे. दिग्दर्शक तो 'कान्तोकु', मूळ अर्थ देखरेख करणारा, मुकादम म्हणा ना. संहिता ती 'क्याकुहोन', अक्षरशः पायांचे पुस्तक. तलवारबाजीचे चित्रपट ते 'चाम्बारा'. हा नुसता तलवारींचा खणखणाट आहे, त्याला दुसरा अर्थ शोधू नये.

या सगळ्या शब्दांत मला महत्त्वाचा वाटतो तो 'बेन्शी'. मूकपटाच्या काळात जपानात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून बोलत असे. तो आधी गोष्टीची ओळख करून देई. ते 'माएसेत्सु', आधीचे बोलणे. मग चित्र चालू असताना सर्व पात्रांचे आवाज काढी. नायकाचा भारदस्त, नायिकेचा मंजुळ, म्हातारीचा कापरा. मध्येच निसर्गाचे वर्णन, मध्येच एखादा सुविचार. मूकपटातल्या पाट्या ज्यांना वाचता येत नसत त्यांच्यासाठी त्या मोठ्याने वाचून दाखविणारे आपल्याकडेही होते. पण जपानात हा माणूस चित्रपटाहून मोठा झाला. जाहिरातीवर त्याचे नाव ठळक. लोक आज कोणते चित्र आहे असे न विचारता, आज कोण बोलणार आहे, असे विचारीत. याचे कारण शोधायला लांब जायला नको. बाहुल्यांच्या नाटकात एका बाजूला बसून सगळी गोष्ट गाणारा गायक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला होता. चित्राला आवाज देणारा माणूस लागतोच, ही त्यांची सवय. ज्या गावाने कीर्तनकार ऐकला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. सरकारलाही बेन्शीच्या जिभेची ताकद कळली होती. 1917 मध्ये तोक्योच्या पोलिसांनी नियम केला की, परवाना असल्याशिवाय बेन्शीने बोलू नये.

मग 1931 साल उजाडले. आपल्याकडे 14 मार्चला 'आलम आरा' बोलू लागला. जपानात त्याच वर्षी 'मोरोक्को' हा परदेशी बोलपट जपानी अक्षरांसह आला. पडद्याच्या कडेला संवादांचे भाषांतर. त्याला शब्द 'जिमाकु', अक्षरांचा पडदा. ऑगस्टमध्ये गोशो हेइनोसुके यांचा जपानी बोलपटही लागला आणि चालला. एका बाजूला चित्र स्वतः बोलू लागले, दुसऱ्या बाजूला परक्या भाषेचा अर्थ अक्षरे सांगू लागली. मधल्यामध्ये बेन्शीचे काय? हजारो माणसे आणि त्यांच्याबरोबर चित्रपटगृहातले वादक. मालकांनी त्यांना काढायला सुरुवात केली. 1932 मध्ये तोक्योत बेन्शींनी संप केला. संपाच्या पुढाऱ्यांत कुरोसावा हेइगो नावाचा पंचविशीतला तरुण होता. परदेशी चित्रांचा नावाजलेला बेन्शी. सुदा तेइमेइ या नावाने तो बोलत असे. संप फसला. पुढच्या वर्षी हेइगोने स्वतःचे आयुष्य संपविले.

याच हेइगोने आपल्या धाकट्या भावाचे बोट धरून त्याला जगातले चांगले चित्रपट दाखविले होते. तो भाऊ म्हणजे अकिरा कुरोसावा. 1951 मध्ये त्याच्या 'राशोमोन'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून एकाच घटनेच्या चार माणसांनी सांगितलेल्या चार हकिकती या अर्थाने राशोमोन हा शब्द जगभरच्या भाषांत गेला. मुळात ते क्योतोच्या एका जुन्या वेशीचे नाव.

काम गेलेल्या बेन्शींतले काही जण सायकलवर बसले. सायकलच्या मागे एक लाकडी चौकट, तिच्यात एकामागून एक सरकविण्याची रंगीत चित्रे, आणि खाली गोळ्यांचा खण. गल्लीच्या तोंडाशी थांबून लाकडाच्या दोन पट्ट्या ते टकटक वाजवीत. काबुकीचा पडदा उघडताना वाजतात, तशाच पट्ट्या. पोरे धावत येत, एका पैशाची गोळी घेत आणि तोंडात ती घोळवीत गोष्ट ऐकत. गोष्ट नेमकी ऐन रंगात तुटे, उरलेली उद्या. याला म्हणतात 'कामिशिबाइ', कागदाची शिबाइ. कुडाळजवळच्या पिंगुळीला ज्यांनी चित्रकथी पाहिली असेल, पोथीतली चित्रे एकेक पुढे करून कथा सांगणारा ठाकर कलावंत पाहिला असेल, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. शाळामास्तरांनी तर हे जरूर करून पाहावे. जाड पुठ्ठ्याची दहाबारा चित्रे मुलांकडूनच काढून घ्यावीत. प्रत्येक चित्राच्या पाठीवर त्याच्या आधीच्या चित्राचा मजकूर नव्हे, तर पुढे बसलेल्यांना त्या वेळी दिसत असेल त्या चित्राचा मजकूर यावा, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले. जपानातही हेच असते: पहिल्या चित्राचे शब्द शेवटच्या पुठ्ठ्यामागे लिहिलेले असतात, कारण पहिले चित्र सरकवून ते सगळ्यांच्या मागे जाते.

1 फेब्रुवारी 1953 रोजी जपानात दूरदर्शनचे प्रक्षेपण सुरू झाले. या नव्या पेटीला काय म्हणावे, असा प्रश्न पडला तेव्हा लोकांनी जुन्याच शब्दाला हात घातला. ते म्हणू लागले 'देन्की कामिशिबाइ', विजेची कागदी शिबाइ. त्या पेटीने गल्लीतल्या सायकलवाल्याची पोरे पळविली, आणि काही वर्षांत सायकली दिसेनाशा झाल्या. विजेची शिबाइ हा शब्दही मागे पडला. त्या पेटीला आता 'तेरेबी' म्हणतात. कामिशिबाइची चौकट मात्र जपानातल्या बालवाड्यांत आणि वाचनालयांत अजून आहे. जुने मूकपट दाखविताना पडद्याशेजारी उभे राहून बोलणारे थोडे बेन्शीही आहेत, त्यांत बायका आहेत. आणि त्यांच्या पूर्वसुरींवर 2019 मध्ये सुओ मासायुकी यांनी 'कात्सुबेन' नावाचा चित्रपट काढला. कात्सुबेन म्हणजे कात्सुदो शाशिनचा बेन्शी. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना हसवून तयार करणारा माणूस आजही दूरदर्शनच्या जपानी स्टुडिओत असतो, आणि त्याच्या त्या बोलण्याला अजून 'माएसेत्सु'च म्हणतात.